कानस, काजळी आणि रजिस्टर

सोमवार, १० जून २०२४

आजपासून कामावर. लोकसभेची आचारसंहिता उठल्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. निवडणुकीआधी जमा केलेल्या बंदुका न्यायला लोक आलेत. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडचे शेतकरी, बँकेचे रखवालदार, निवृत्त फौजी. पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका जास्त. बंदूक हातात आली की माणसाला तिची सगळी दुखणी आठवतात. घोडा अडकतो, नळी उघडत नाही, दस्ता हलतो.

दुकानाचा परवाना शेठच्या नावावर आहे, दुरुस्तीचं टेबल चाचांकडे आणि खालचं स्टूल माझ्याकडे. आयटीआयचं फिटरचं प्रमाणपत्र आणि शाळेत असताना क्लबच्या एअर रायफलवर केलेली नेमबाजी, एवढंच माझं भांडवल. पहिल्या दिवशी बंदूक हातात मिळेल असं वाटलं होतं. मिळालं रजिस्टर. बनावट, बोअर, नंबर, परवाना क्रमांक, कधी आली, कशासाठी आली, कधी गेली. शेठ म्हणाले, "१९५९ चा शस्त्र कायदा, कलम पाच. बनवायला, विकायला जसा परवाना लागतो तसा दुरुस्तीला आणि चाचणीलाही लागतो. तू या टेबलावर काम करणार ती माझ्या परवान्यावर. एक स्क्रूसुद्धा घरी न्यायचा नाही." नंबर नसलेली किंवा नंबर खोडलेली वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही, हेही सांगितलं.

चाचांनी आज एकच गोष्ट शिकवली. "बंदूक रिकामी हाय असं कुणीबी सांगितलं तरी ऐकायचं न्हाई. बघायचं." म्हणजे नळीचं तोंड मोकळ्या भिंतीकडे, बोट चापापासून लांब, बंदूक उघडायची, डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं आणि उघडीच दुसऱ्याच्या हातात द्यायची. घेणाऱ्यानं पुन्हा बघायचं. शेठनी दिली तरी चाचा बघतात, चाचांनी दिली तरी शेठ बघतात. तीस वर्षं एकत्र काम करणाऱ्या दोन माणसांना याचा राग येत नाही, हे मला विशेष वाटलं.

शुक्रवार, १४ जून

आठवडाभर कानस आणि पेचकस. आयटीआयच्या दोन वर्षांत सपाट फायलिंग, काटकोन, नर-मादी फिटिंग हे सगळं घासून झालेलं आहे, तेव्हा कानशीला मी घाबरत नाही. इथली गंमत वेगळी. जुन्या इंग्लिश बंदुकांच्या स्क्रूच्या खाचा इतक्या बारीक असतात की बाजारचा पेचकस त्यात बसतच नाही. बसवायला गेलं तर टोक निसटतं, खाच फाटते आणि बाजूच्या नक्षीवर ओरखडा उठतो. म्हणून चाचांच्या खणात पेचकसांची रांगच आहे, एकेक एकेका खाचेसाठी घासलेला. टोक पाचरीसारखं निमुळतं नको, दोन्ही अंगं समांतर हवीत. मग ते खाचेच्या तळापर्यंत जातं आणि वर उचललं जात नाही.

मला जुने पेचकस देऊन तसे घासायला बसवलं. घासताना टोक तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, असा पेचकस पहिल्याच जोराला वाकतो. म्हणून थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं.

चांगल्या बंदुकीच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या दिशेनं एका रेषेत उभ्या असतात. एखादी तिरकी दिसली की समजायचं, मधे कुणीतरी उघडून गेलंय. गिऱ्हाईक "कुणी हात लावला नाही" म्हणत असतं तेव्हा चाचा नुसतं त्या खाचेवर बोट ठेवतात.

गुरुवार, २० जून

आज पहिली दुनळी माझ्यासमोर सुटी झाली. बारा बोअरची, बॉक्सलॉक. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या विल्यम अँसन आणि जॉन डीली यांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना. जगातल्या बहुतेक दुनळ्या आजही तिच्यावरच चालतात. नळ्या खाली पाडल्या की त्यांच्या वजनाच्या तरफेनंच आतले दोन्ही घोडे चढतात, वेगळा घोडा ओढावा लागत नाही. कागदावर समजायला अवघड; हातात घेऊन हळूहळू उघडली की एका मिनिटात कळतं.

बोअरचा हिशेब मला आजवर पाठ होता, पटलेला नव्हता. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या की एका गोळीचा व्यास जेवढा, तेवढी नळी; साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढेल तशी नळी बारीक. वीस बोअर बारापेक्षा लहान.

मग नळ्यांच्या पोटाकडच्या सपाट बाजूवरचे शिक्के वाचायला शिकवले. इंग्लंड आणि युरोपात बंदूक विकण्याआधी जादा दाबाची काडतुसं उडवून तिची कसोटी घेतात आणि पास झाली की शिक्का मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं कसोटीघर १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं. बेल्जियममधल्या लीजच्या शिक्क्यांत त्या शहराचा पेराँ नावाचा स्तंभ असतो. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या बंदुका बहुतेक याच गावांच्या. कुठल्या दारूसाठी कसोटी झाली आणि काडतुसाचं घर किती लांबीचं, हेही शिक्क्यांतून समजतं.

घराची लांबी हा इथला सगळ्यात मोठा धडा. जुन्या बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं, आजची बरीच काडतुसं ७० ची. पण ७० हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचं. भरलेल्याचं तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे ते ६५ च्या घरात अगदी सुरेख बसतं. बार उडाला की दुमड उघडते, पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि वाट आवळते. दाब एकदम चढतो. बसतंय म्हणजे चालतंय, असं समजणाऱ्याचा घात इथे होतो. आता गेज घातल्याशिवाय मी कुठल्याच बंदुकीचं वर्णन रजिस्टरात पुरं करत नाही.

मंगळवार, २ जुलै

राधानगरीकडचे एक गृहस्थ आजोबांची बंदूक घेऊन आले. नळीवर तपकिरी-करड्या वळणांची नक्षी, हात फिरवत राहावंसं वाटेल अशी. याला दमास्कस नळी म्हणतात. लोखंड आणि पोलादाच्या कांबी एकत्र पिळायच्या, त्या पिळाची पट्टी गजाभोवती गुंडाळायची आणि तापवून, ठोकून सांधायची. नक्षी वरून काढलेली नाही, ती त्या सांध्यांचीच आहे.

चाचांनी नळ्या सुट्या केल्या, त्यांच्या खालच्या आकड्याला धरून लोंबत्या ठेवल्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. चांगल्या नळ्या घंटेसारखा लांब नाद देतात. या खरखरल्या, म्हणजे दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलेली. आत दिवा धरला तर खड्डे. आणि शिक्के फक्त काळ्या दारूच्या कसोटीचे. काही दमास्कस नळ्या पुढे बिनधुराच्या दारूसाठीही कसोटीला उतरल्या, पण ही त्यांतली नव्हे. खडकीच्या कारखान्याचं काडतूस आज बाजारात मिळतं ते बिनधुराच्या दारूचं. त्याच्या दाबासाठी ही नळी कधी बनलीच नव्हती.

"दुरुस्त होईल, पण उडवायची नाही. मग दुरुस्त करून काय करायचं?" चाचांनी सरळ विचारलं. गृहस्थ चिडले. आजोबांनी हिनं किती रानडुकरं पाडली ते सांगायला लागले. चाचांनी ऐकून घेतलं आणि बंदूक परत बांधली. रजिस्टरात मी लिहिलं: तपासणी केली, चालवण्यास अयोग्य, दुरुस्ती नाकारली. शेठनी मालकाची सही घेतली. भिंतीवर शोभेला लावली तरी परवान्याचं नूतनीकरण करावं लागेल, हेही समजावलं.

नंतर चहा पिताना मी म्हटलं, गिऱ्हाईक गेलं. चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं, पर त्येचं बोट ऱ्हायलं."

बुधवार, १७ जुलै

आषाढी. दुपारपर्यंतच दुकान. पाऊस लागून राहिलाय आणि लाकडाची कामं वाढलीत.

दस्त्याला सगळ्यात चांगलं लाकूड अक्रोडाचं. वजनाला बेताचं, चिवट आणि दमट हवेत कमी हलणारं. पण आमच्याकडे शिसव आणि सागाचे दस्तेही येतात, कुणा गावच्या सुतारानं केलेले, काही तर फार देखणे. दस्ता मोडतो तो मनगटाशी, जिथे हात धरतो त्या बारीक जागी. तिथे लाकडाचे तंतू लांबीला सरळ हवेत. सुतारानं फळीचा सुंदर वळणाचा भाग नेमका तिथे आणला की दिसायला बहार आणि दोन वर्षांत चीर.

लोखंड जिथे लाकडात बसतं तिथे पटाशीचं काम आहे. भाग काजळीनं माखायचा, जागेवर बसवायचा, काढायचा, लाकडावर जिथे काळं उठेल तेवढंच खरवडायचं. रॉकेलच्या चिमणीची काजळी. मी आयटीआयमध्ये निळा लेप वापरला होता. चाचा म्हणतात काजळीचा थर त्याहून पातळ, म्हणून ती खोटं बोलत नाही. संपूर्ण पृष्ठभागावर सारखे काळे ठिपके उठले की धक्का सगळीकडे वाटला जातो. एकाच टोकाला टेकत असेल तर पहिल्या बारालाच तिथून लाकूड फुटतं.

शेवटी जवसाचं तेल, तळहातानं, अगदी थोडं. आज लावायचं, सुकू द्यायचं, पुन्हा लावायचं. पावसाळ्यात सुकायला इतका वेळ घेतं की गिऱ्हाइकाला दिवाळीचा वायदा द्यावा लागतो.

शुक्रवार, २६ जुलै

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेलीय. चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडलीत. दुकानात फोन एकच: बंदुकीचं काय करू? शेठ सगळ्यांना सांगतात, आधी माणसं आणि जनावरं. बंदूक नेता आली तर परवान्यासकट न्या, पोलीस ठाण्यात कळवा. राहिलीच आत, तर पाणी ओसरल्यावर घरी पुसत बसू नका, इकडे आणा.

२०१९ च्या महापुरानंतर आलेल्या बंदुकांबद्दल चाचा आज बोलले. लोकांनी बाहेरून पुसून, तेल लावून ठेवल्या होत्या. वरून चकाकत होत्या आणि दस्ता उतरवला तर खाली लोखंड खाल्लेलं. पुराच्या पाण्यात गाळ असतो. तो यंत्रात राहिला की तेलात मिसळून कानशीचं काम करतो. म्हणून आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, सगळं सुटं करायचं, पूर्ण वाळवायचं, मग तेल. लाकूड सावलीत, सावकाश. उन्हात ठेवलं की पीळ पडतो. आणि नळीत गाळाचा बोळा राहिला असेल आणि तशीच उडवली, तर नळी फुगते किंवा फुटते. उंदरानं नळीत केलेलं घर, ओली चिंधी, तुटलेला ब्रश यांचीही गत तीच.

शुक्रवार, २ ऑगस्ट

काल पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. ४५१.४ गुण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. फटाके अजून वाजतायत. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सोनं आणलं, तेव्हा आम्ही लहान होतो, आता हे.

सकाळपासून दुकानाच्या दारात शाळकरी पोरं. "एअर रायफल दाखवा." शेठ खूश, पण सगळ्यांना आधी क्लबमध्ये जायला सांगतात. चाचा मला म्हणाले, "आता तुझं काम सुरू."

खरंच आहे. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे नेमबाजाच्या चुकीइतकीच रायफलीचीही चूक मोजली जाते. दस्त्याचे स्क्रू एकदा जास्त आवळले, एकदा कमी, तर गोळ्यांचा गट सरकतो. म्हणून ते टॉर्क-पान्यानं, दरवेळी त्याच मापाला. काडतुसांचा एक लॉट एखाद्या रायफलीत गट जमवतो, दुसरा लॉट त्याच कंपनीचा असून पसरवतो, म्हणून मोठे खेळाडू रायफल शिकंज्यात धरून लॉट तपासून घेतात. पॉइंट टू टूच्या रायफलीत रिकामा चाप ओढू नये, पिन थेट घराच्या कडेवर आपटते आणि कड दबते. सरावाला खोटं काडतूस घालावं. हे नेमबाजी करताना मला कुणी सांगितलं नव्हतं. रायफल बिघडली की ती कुठेतरी जायची आणि दुरुस्त होऊन यायची, एवढंच माहीत होतं.

रविवार, १८ ऑगस्ट

शेठबरोबर रेंजवर. वर्षभराच्या स्पर्धांआधी क्लबच्या रायफली बघून द्यायच्या होत्या. दिवसभर उकडत होतं, पण इतका आनंद या कामात अजून मिळाला नव्हता.

दहा मीटरच्या रायफलीच्या सिलिंडरमध्ये हवा २०० बार दाबाला भरलेली असते. ट्रकच्या टायरमध्ये आठच्या आसपास असते. त्यामुळे सिलिंडरवरची तारीख आधी वाचायची. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर भरायचाच नाही, मग मुलाची स्पर्धा उद्या का असेना. आज असे दोन बाजूला काढले. एका पालकांनी वाद घातला, क्लबचे सर मधे पडले.

नंतर वेग. यंत्रातून छर्रा जाताना तो मोजला जातो. छर्रा ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. म्हणजे ऊर्जा साडेसात ज्यूल. पॉइंट वन सेव्हन सेव्हनच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ही मर्यादा त्याच्या बरीच वर आहे. बाजारात मात्र काही जण स्प्रिंग बदलून, व्हॉल्व्ह कोरून "जोर वाढवून" देतात. वीसच्या वर गेली की ती खेळणं राहत नाही आणि मालकाला ते माहीतही नसतं. आमच्याकडे हे काम घेत नाहीत.

वेग एकसारखा येत नसेल तर दोष बहुतेक वेळा रेग्युलेटरमध्ये नाहीतर रबरी रिंगांमध्ये. रिंग काढायला टोकदार सुई वापरली की खोबणीला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी वापरायची. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा त्याच्या नऊपट रुंद. इथे एका केसाइतक्या ओरखड्याचाही हिशेब लागतो.

पिस्तुलांचे चाप वजन टांगून तपासले. नियम ५०० ग्रॅमचा, त्याखाली चालत नाही. एका मुलीचा ४८० ला सुटला. तिला वाटलं, तिनं काहीतरी केलं. मी तिला दाखवलं, स्क्रू कुठे, किती फिरवायचा आणि दर महिन्याला वजन टांगायचं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

गणपती चार दिवसांवर, हवा दमट. नळ्या काळ्या करायला याहून चांगला मोसम नाही, कारण या कामात आधी गंज चढवायचा असतो.

नळी तेलाचा अंशही राहणार नाही अशी धुवायची. मग बोट लावायचं नाही, बोटाचा ठसा शेवटपर्यंत उमटून राहतो. गंज आणणारं द्रावण पातळ पुसायचं, रात्रभर टांगून ठेवायचं. सकाळी लाल मखमल चढलेली असते. मग नळी उकळत्या पाण्यात. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो, डोळ्यांदेखत. बारीक तारेच्या ब्रशनं सुटी काळी भुकटी झाडायची, खाली घट्ट चिकटलेला थर राहतो. पुन्हा गंज, पुन्हा उकळ, पुन्हा ब्रश. खोल निळसर काळा येईपर्यंत हेच.

कारखान्यात कॉस्टिकच्या उकळत्या क्षारात हे काही मिनिटांत होतं. पण दुनळीला ते चालत नाही. तिच्या दोन नळ्यांमधल्या पट्ट्या कथलाच्या डागानं जोडलेल्या असतात. कॉस्टिक तो डाग खातं आणि पट्टीखाली शिरलेला क्षार आतून नळी खात बसतो. वरून नवी कोरी दिसणारी बंदूक दोन वर्षांनी टिचकी मारल्यावर खरखरते. स्वस्तात चमकवून आणलेल्या दुनळ्या आमच्याकडे याच तक्रारीनं येतात.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. शस्त्रपूजेला दुकान धुऊन काढलं. पाटावर शेठच्या घरची तलवार, तिच्या शेजारी चाचांची सगळ्यात जुनी कानस, माझा घासलेला पेचकस आणि रजिस्टर. रजिस्टराला हळदकुंकू लावायचा आग्रह चाचांचा.

दुपारी शेठनी विचारलं, पुढे काय? मग बाहेरच्या शाळांबद्दल सांगितलं. ऑस्ट्रियात फेरलाख नावाच्या गावात १८७८ पासून बंदूककामाची शाळा आहे, अजून चालू. जर्मनीत तीन वर्षं उस्तादाच्या हाताखाली आणि सोबत शाळा, मग परीक्षा. झूल हे तिथलं जुनं गाव. अमेरिकेत कोलोराडोच्या ट्रिनिडॅडमधल्या कॉलेजात १९४७ पासून हा अभ्यासक्रम आहे. तिकडच्या मुलांनाही पहिले कित्येक महिने कानस, लेथ आणि स्वतःची हत्यारं बनवणं हेच असतं, हे ऐकून बरं वाटलं.

आपल्याकडे अशी उघडी शाळा नाही. लष्करात ईएमई कोअरमध्ये आर्मररचं काम शिकवतात, पोलीस दलांचे स्वतःचे आर्मरर असतात, इशापूर-कानपूरचे शस्त्र कारखाने आयटीआयच्या मुलांना शिकाऊ म्हणून घेत आले आहेत. बाकी सगळी विद्या अशी एखाद्या टेबलाखालच्या स्टुलावर बसून घ्यायची. चाचांची दोन्ही मुलं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांच्या खणातली पेचकसांची रांग कुणाकडे जाणार, यावर आज कुणी बोललं नाही, पण शेठनी प्रश्न विचारला तो त्यासाठीच.

बुधवार, १६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. जमा करण्याच्या नोटिसा निघायच्या आधीच लोक सर्व्हिसिंगला आले. महिना-दोन महिने बंदूक दुसऱ्याच्या कपाटात राहणार, म्हणून नळीत तेलाचा हात, बाहेरून ग्रीस, मनगटाला चिठ्ठी. प्रत्येक नंबर परवान्याशी, परवाना माणसाशी ताडून बघायचा.

गर्दीत एक तरुण आला. चांगले कपडे, आवाज खाली. वडिलांच्या दुनळीच्या नळ्या "जरा आखूड" करायच्या होत्या, गाडीत ठेवायला बरं म्हणून. कलम सहा मला पाठ आहे: नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. मी शेठकडे बघितलं, ते फोनवर होते. मीच सांगितलं की हे काम होणार नाही आणि परवान्यावर नाव वडिलांचं आहे, तर बंदूक घेऊन तुम्ही एकटे कसे आलात? तो निघून गेला. शेठनी पोलीस ठाण्यात कळवलं आणि रजिस्टरात नोंद करायला लावली.

संध्याकाळी चाचांनी पहिल्यांदा त्यांच्या खणाची किल्ली माझ्याकडे ठेवली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

निवडणूक झाली, बंदुका परत जातायत. माझ्या नावावर पहिलं पूर्ण काम: एका दुनळीची सैल बिजागरी.

नळ्या बंद केल्यावर मागच्या पोलादी भिंतीला घट्ट टेकल्या पाहिजेत. वर्षानुवर्षं उघड-बंद करून बिजागरीची खीळ झिजते आणि मधे फट पडते. पुढचं लाकूड काढून उजेडासमोर धरली तर बारीक रेघ दिसते. फटीचा अर्थ असा की बार उडताना काडतुसाच्या बुडाला आधार नाही. ही बंदूक याआधी कुणीतरी "घट्ट" केली होती, म्हणजे आकड्यावर छिन्नीनं ठोकून धातू फुगवला होता. असं घट्टपण दिवाळी ते होळी टिकतं.

चाचांनी खीळ बदलायला लावली. मग काजळी. माखायचं, बंद करायचं, उघडायचं, काळं उठलेल्या जागी बारीक कानशीचा एक हात, पुसायचं, पुन्हा माखायचं. व्हर्नियरवर दोन शतांश मिलिमीटर वाचणारी मी, इथे व्हर्नियर ठेवूनच दिला. तो फरक त्याच्या रेघांत बसत नाही. काम संपलं तेव्हा नळ्या मिटल्याचा आवाज बदलला होता. आधी खट् व्हायचं, आता जड पेटी मिटावी तसा दबका.

परवानगीच्या जागी शेठनी चाचणी घेतली. पहिले बार बंदूक बांधून, दोरीनं लांबून चाप ओढून. उडालेल्या काडतुसांची बुडं भिंगाखाली बघितली: ठोका मधोमध, बूड फुगलेलं नाही. बिल माझ्या हातानं लिहिलं. दुरुस्ती करणाऱ्याच्या रकान्यात सही मात्र चाचांची, आणि ते बरोबरच आहे.

रविवार, १५ डिसेंबर

रेंजवर आयटीआयची दोन मुलं भेटली. हे काम शिकायचंय, कुठून सुरुवात करू? मोबाइलवर व्हिडिओ बघून काकाची बंदूक उघडून बघितली, असंही सांगितलं. त्यांना जे बोलले ते इथे लिहून ठेवते, पुढचं कुणी विचारेल तेव्हा उपयोगी पडेल.

परवाना नसलेल्या जागी कुणाचीही बंदूक उघडू नका. शिकण्याच्या हौसेला कायद्यात सूट नाही. दहावीनंतर फिटर किंवा टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स पुरा करा. कानस सपाट चालायला लागेपर्यंत दुसरं काही मागू नका. सुतारकामाचा हात असेल तर सोडू नका, निम्मी दुरुस्ती लाकडाची आहे. रेंजवर जाऊन नेमबाजी शिका, म्हणजे गिऱ्हाईक "गट सरकतो" म्हणतं तेव्हा काय म्हणतंय ते समजेल. सुरुवात एअर रायफलीपासून करा. काम पुढे वाढणार आहे ते तिथेच. क्लब वाढतायत आणि साधं सर्व्हिसिंग करून देणारं माणूस जिल्ह्यात सापडत नाही. मग परवाना असलेल्या दुकानात जा आणि पहिलं वर्ष रजिस्टर लिहायची तयारी ठेवा. पगार सुरुवातीला मशीन शॉपपेक्षा कमी मिळेल.

आणि ज्याच्या हाताखाली शिकायचं त्याचं दुकान आधी बाहेरून बघा. तो माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणतो का? महिन्याभरात एकदाही म्हणत नसेल, तर तिथे कामाला राहू नका.